कठडा धरा, सावकाश चला

वोल्फ्सबुर्ग, २८ जुलै

उर्जा बाळ,

फोन न करता पत्र का, तर आमच्या घरी फोन स्पीकरवर असतो. मी हॅलो म्हटलं की श्रीनाथ स्वयंपाकघरातून उत्तर देतो आणि सूनबाई त्यात दुरुस्ती करतात. पत्र तेवढं माझं एकटीचं. सूनबाई मालिनीनेच तिकीट लावून दिलं. "आई, तिसऱ्या दिवशी पोचतं, गेनाऊ, अगदी तिसऱ्या," म्हणाली.

दोन वर्षांत मी जर्मनीतलं काय पाहिलं, तर पार्किंग. लहान पार्किंग, मोठं पार्किंग, दुमजली पार्किंग. इथे गाडीशिवाय पाव मिळत नाही, आणि गाडीतून उतरायचं म्हटलं की सगळे म्हणतात, "आई, तुम्ही बसा, आम्ही आलोच." नातीला, ईप्सिताला, मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. भांडण मात्र दोघींना नीट समजतं.

आता बातमी. श्रीनाथने आम्हा दोघांसाठी ऱ्हाइन नदीवरच्या जहाजाचं बुकिंग केलंय. तुझ्याच कंपनीचं, मराठी ग्रुपचं. १२ ऑगस्टला तुझ्या कोलोनहून निघायचं, पाच दिवस. एक गुडघा बदललाय, दुसरा रुसलाय, हे तुला ठाऊकच आहे. जहाज म्हणजे आपण बसायचं आणि गावं आपल्या दाराशी येणार. लग्नाला पन्नास वर्षं झाली, आता कुणी माझ्या दाराशी आलं तर बिघडलं कुठे.

पण मालिनीने काल टीव्हीवर दाखवलं, नदी आटलीये, मधले दगड उघडे पडलेत. जहाजं अडतात आणि लोकांना बसने नेतात म्हणे. बसच्या पायऱ्या मला जमत नाहीत. तू त्याच ऑफिसात आहेस. मला खरं सांग. जहाज जाणार नसेल तर मी आत्ताच नाही म्हणते, पोराचा विरस झाला तरी चालेल.

हे तुझ्यासाठी आशीर्वाद सांगतायत. सोबत भाजणीचं पीठ पाठवणार होते, पण पाकिटात मावेना.

तुझी मनोरमाकाकू


कोलोन, १ ऑगस्ट

प्रिय काकू,

पत्र काल मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर मराठी पाकीट आल्यामुळे सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं.

तुम्ही खरं सांग म्हणालात, म्हणून नीट सांगते. रोज सकाळी साडेसहाला मी नदीवरच्या पाच ठिकाणचे पेगेल बघते. पेगेल म्हणजे राजाभाऊकाका भिलवडीच्या पुलावर कृष्णेची जी पट्टी वाचायचे तीच. कौब नावाच्या गावापाशी नदी सगळ्यांत उथळ आहे. तिथून जहाज निघालं की पुढची वाट सोपी. आज कौबचा आकडा पंच्याण्णव सेंटिमीटर आहे आणि तो रोज दोन-तीनने उतरतोय. फारच उतरला तर पाहुण्यांना बसने पुढे नेतात आणि पलीकडे थांबलेल्या दुसऱ्या जहाजात बसवतात. पूर आला तर उलटी अडचण, जहाज पुलांखालून जात नाही. म्हणजे नदी फार भरून चालत नाही आणि फार आटूनही चालत नाही. माझा अंदाज असा आहे की बारा तारखेचं जहाज जाईल. अजून शब्द देत नाही. नऊला देईन.

पाहुण्यांच्या खोलीत रोज सकाळी दिवसाचं पत्रक ठेवतात. जर्मन पत्रक माझ्या साहेब, फ्राऊ ब्रेम, लिहितात. या वर्षी मराठी ग्रुप असल्याने त्याचं मराठी मी करते. ऑफिसात दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नाही, म्हणून मी दोनदा तपासते.

"तुम्ही बसा" हे वाक्य मलाही आवडत नाही. आमच्या घरी आई शिवणाच्या मशीनवर पाय मारायची, आणि बाहेर जायची वेळ आली की बाबा म्हणायचे, तू बस. मी दहावीला तुमच्या ओसरीवर अभ्यासाला यायचे, तेव्हा बाबांना तुम्ही काय म्हणालात ते आठवतं? "तिला बसवू नका, ती चालायला लागलीये." त्या एका वाक्यावर मी कॉलेजात गेले. आमच्या घरातली पहिली. तुम्ही ऱ्हाइनच्या काठावर स्वतःच्या पायांनी उतरावं अशी माझी फार इच्छा आहे.

तुमची उर्जा


वोल्फ्सबुर्ग, ५ ऑगस्ट

उर्जा बाळ,

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. आकड्यांचं वाचन नोकरी सुटली तरी सुटत नाही.

त्यावरून घरात वाद झाला. श्रीनाथ म्हणाला, "पंच्याण्णव सेंटिमीटर? बाबा, एवढ्यातून तर चालत पलीकडे जाता येईल." ह्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "पट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, हे गाडीच्या इंजिनिअरला कुणी शिकवलं नाही वाटतं." ईप्सिता इतकी हसली की तिच्याकडून एक पूर्ण मराठी वाक्य निघालं: "बाबा हरला."

मी मात्र ठरवलंय. जहाज गेलं तर निदान एका गावात उतरणार. कॉफी पिणार, आणि आइस्क्रीमच्या दुकानात स्वतः बोट दाखवून मागणार. जर्मन येत नसलं तरी बोट येतं.

हे खाली काही लिहिणार म्हणतायत. जागा सोडते.

काकू

उर्जा, पाणी उतरतं आहे तर काळजीचं कारण मला दिसत नाही. एकतीस वर्षांत मी वर चढणाऱ्या पाण्याची भीती पाहिली. इशारा पातळी, धोका पातळी, दोन्ही वरच. २०१९ ला आपल्या माळ्यापर्यंत पाणी होतं ते तू पाहिलंस. आकडा खाली आला की आम्ही चहा मागवायचो. जहाज अडेल एवढाच प्रश्न, आणि तो तू बघशीलच. राजाभाऊ.


कोलोन, ९ ऑगस्ट

प्रिय काकू,

शब्द देते. जहाज जाईल. कौब आज ऐंशी, चौदा तारखेला सत्तरच्या आसपास, आणि आमचं जहाज उथळ पाण्यासाठी बांधलेलं आहे. बस नाही, जहाज बदलणं नाही. फ्राऊ ब्रेम म्हणाल्या, "आल्झो, बरं तर, तुमच्या आकड्यावर मी सही करते." माझ्या आकड्यावर पहिल्यांदाच कुणी सही केली.

बाराला धक्क्यावर येते. ज्वारीची भाकरी करून आणेन, वाकडी असेल.

उर्जा


कोलोन, १४ ऑगस्ट

प्रिय काकू,

हे पत्र मुद्दाम वोल्फ्सबुर्गच्या पत्त्यावर पाठवते, म्हणजे तुम्ही परत गेलात की दारात पडलेलं असेल. आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तुमचं जहाज कौबवरून पार गेलं. आकडा एकाहत्तर. मी पडद्यावर जहाजाचा हिरवा ठिपका बघत होते आणि शेजारच्या टेबलावरची मंडळी मला बघत होती.

तुम्हाला कोलोनला पाहून मला काय वाटलं ते तिथे बोलता आलं नाही. पाणी खाली गेल्यामुळे काठावरून जहाजाकडे जाणारा लोखंडी पूल उताराचा झाला होता. मी हात पुढे केला, तर तुम्ही म्हणालात, "कठडा आहे की, तुझा हात भाकरी थापायला ठेव." आणि उतरलात. काका मागून तुमची काठी घेऊन येत होते, वरातीत तलवार धरावी तशी.

म्हणून एक गोष्ट केली ती तुम्हाला सांगते. आजच्या जर्मन पत्रकात लिहिलं होतं की रूडेसहाइमला पाणी कमी असल्याने पूल फार उभा आहे, काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांनी आज जहाजावरच राहावं. पुन्हा तेच, तुम्ही बसा. मराठीत मी ती ओळ घेतली नाही. त्या जागी लिहिलं, "कठडा धरा, सावकाश चला." तुम्ही दुपारी उतरला असाल. आइस्क्रीम कुठलं मागितलंत ते कळवा.

तुमची उर्जा


वोल्फ्सबुर्ग, २९ ऑगस्ट

चि. उर्जा,

श्रीनाथने तुला फोनवर कळवलंच. तुझी काकू २४ तारखेला सकाळी गेली. मला फोनवर बोलवत नाही, म्हणून लिहितो.

रूडेसहाइमला आम्ही दुपारी दोनला उतरलो. पूल चढाचा होता. वर जाताना ग्रुपमधल्या ऊर्मिलाताई पुढे आणि मी मागे, असं तिला वर नेलं. तिने पिस्त्याचं आइस्क्रीम मागितलं, बोट दाखवून. दुकानदाराने दोन गोळे दिले, तिने एकच सांगितलं होतं. तेवढ्यावरून ती अर्धा तास खूश होती.

परत येताना पूल खाली उतरायचा होता. कोलोनला होता तसा नाही, जिन्यासारखा. आडव्या पट्ट्या होत्या पण उन्हाने तापलेल्या. कठडा तापलेला. तिने तो धरला होता. मध्यावर हात सुटला की गुडघा वळला, मला ठरवता येत नाही. मी एक पाऊल मागे होतो. तिची काठी माझ्याच हातात होती. खुब्याचं हाड मोडलं आणि डोक्याला लागलं. ऑपरेशन झालं. दोन दिवस ती बोलत होती. मग छातीत कफ धरला आणि त्यातून ती उठली नाही.

तुला एक सांगतो, कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी काठीवाले सगळे जर्मन वर डेकवर बसून राहिले होते. ही क्षणभर थांबली. म्हणाली, "अहो, ती मंडळी का उतरत नाहीत?" मी म्हटलं, "घाबरट आहेत. पाणी उतरलं तरी यांना भीती." ती हसली आणि चालू लागली.

श्रीनाथ माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलला. "बाबा, तिथे लोक बसलेले तुम्हाला दिसत नव्हते?" दिसत होते.

तुझं १४ तारखेच्या शिक्क्याचं पत्र हिच्या नावाने आलं आहे. पत्रं ती एकटीच उघडायची. मी फोडलेलं नाही. हिच्या कपाटात ठेवलं आहे.

राजाभाऊ


कोलोन, ४ सप्टेंबर

आदरणीय काका,

काय लिहावं कळत नाही. स्मशानात मी तुमच्याकडे बघू शकले नाही. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. पूल उभा असतो, पाणी कमी असतं, अशा गोष्टी कुणाच्या हातात नसतात. श्रीनाथदादा दुःखात आहेत, थोड्या दिवसांनी बोलतील. मालिनीवहिनी आणि ईप्सिता तुमच्याजवळ आहेत.

एक विनंती आहे. माझं ते पत्र काकूंसाठी होतं. त्यात प्रवासाच्या हलक्याफुलक्या गप्पा आहेत, आता ते कुणी वाचावं असं मला वाटत नाही. न फोडता परत पाठवाल का? आठवण म्हणून माझ्याजवळ ठेवीन.

उर्जा


वोल्फ्सबुर्ग, ११ सप्टेंबर

चि. उर्जा,

पत्र सोबत जोडलं आहे. तिच्याच पाकिटांतल्या एका मोठ्या पाकिटात घातलं.

तू लिहिलंस की दोष कुणाचा नसतो. तुझं मन चांगलं आहे. पण काल मी श्रीनाथला बसवून सांगितलं की लोक बसलेले मला दिसले होते, आणि तिला मीच चल म्हटलं. तो उठून गेला. मालिनी रडत होती, आणि ईप्सिता मध्ये उभी राहून दोघांकडे बघत होती. या घरात मी आता जेवायला बसलो की बाकीचे लवकर उठतात.

२ ऑक्टोबरचं विमान घेतलं आहे. भिलवडीचं घर उघडतो. एकटा राहीन. श्रीनाथने राहा म्हटलं नाही.

जहाज कंपनीचा माणूस येऊन गेला. नम्र होता. म्हणाला, पत्रकात सूचना दिलेली होती. मी म्हटलं, होती. कठडा धरा म्हणून होतं. आम्ही धरला होता.

राजाभाऊ


कोलोन, १८ सप्टेंबर

काका,

सोबत तेच पत्र परत पाठवते. हे वाचायच्या आधी ते फोडा. कृपा करून श्रीनाथदादांसमोर फोडा.

आता वाचलं असेल. त्यात लिहिलंय तसंच झालं. जर्मन पत्रकात काठीवाल्यांनी उतरू नये असं साफ लिहिलं होतं. ते लोक घाबरट नव्हते, त्यांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण मी ती ओळ काढून टाकली. कॅप्टनच्या अहवालात पुलाचा चढ किती आहे तेही होतं. तो मी सकाळी वाचला होता. माझं लक्ष कौबच्या आकड्यावर होतं. जहाजाखाली पाणी किती हे मी पंधरा दिवस बघत होते. तेच पाणी उतरलं की पूल किती उभा होतो, हे समोर लिहिलेलं असून मी त्याला महत्त्व दिलं नाही.

काकूंना कुणी बस म्हणू नये असं मला वाटलं. मला ते फार मोठं आणि चांगलं वाटलं. माझ्या वाटण्यावर मी त्यांना त्या पुलावर पाठवलं, त्यांना न विचारता. ओळ ठेवली असती तर उतरायचं की नाही हे त्यांनी ठरवलं असतं.

आणि चार तारखेचं पत्र मी भीतीने लिहिलं. त्याच्या आदल्या दिवशी फ्राऊ ब्रेमनी एक कागद माझ्यापुढे ठेवला होता. मराठी पत्रक हे जर्मन पत्रकाचं पूर्ण आणि अचूक भाषांतर आहे, खाली सही. इथे मराठी कुणाला येत नाही. सही केली असती तर गोष्ट तिथेच संपत होती. पुरावा एकच होता, काकूंच्या कपाटातलं पाकीट. म्हणून ते परत मागितलं. तुम्ही ते न फोडता पाठवलंत. चार दिवस ते माझ्या टेबलावर होतं. तुम्ही घर सोडून जाताय हे वाचूनही मी ते फाडायचा विचार करत होते, हेही तुम्हाला कळायला हवं.

सही केली नाही. आज सकाळी दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून मी फ्राऊ ब्रेमना ओळीओळीने समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही पत्रकं स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "तुम्ही आता घरी जा, आणि वकिलाशिवाय कुणाशी बोलू नका." मी तुम्हाला लिहिते आहे. पोलिसांनाही देणार आहे. नोकरी जाईल, नोकरीबरोबर इथे राहायचा परवाना जाईल. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते गल्लीत सगळ्यांना सांगत असतात की माझी उर्जा जर्मनीची नदी बघते.

तुम्ही तिला चल म्हणालात ते माझ्या पत्रकावर विसंबून. श्रीनाथदादांना हे सांगा. क्षमा मागत नाही, मागायची ही जागा नाही.

उर्जा


वोल्फ्सबुर्ग, २३ सप्टेंबर

उर्जा,

पत्र श्रीनाथसमोर फोडलं. त्याने ते मोठ्याने वाचलं, आइस्क्रीमच्या ओळीपर्यंत. मग तो पोर्चमध्ये जाऊन गाडीत बसून राहिला.

आता तो माझ्याशी बोलतो. त्याला राग ठेवायला दुसरी जागा मिळाली, आणि ती तू आहेस. ती तू मागून घेतलीस. त्याने वकील केला आहे, तुझी दोन्ही पत्रं त्याच्याकडे दिली आहेत. मी अडवलं नाही. अडवणारही नाही. मालिनी म्हणाली, "बाबा, तिकीट रद्द करते." कर म्हटलं.

तुझी अशी समजूत असेल की माझ्यावरचं ओझं तू उतरवलंस. तसं झालं नाही. आधी मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की मी चुकलो. आता रोज सकाळी उठून विचार करतो, ती ओळ पत्रकात असती तर मी काय केलं असतं. मी माझ्या स्वभावाला ओळखतो. मी म्हटलं असतं, लिहितात तसं, यांना सवय असते, चल. एवढं श्रीनाथला सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

पण तिचं तसं नव्हतं. पत्रक तू लिहितेस हे तिला ठाऊक होतं. रोज सकाळी चहाआधी ती ते वाचायची, बोट ठेवून, आणि मला म्हणायची, "आज उर्जा काय सांगते बघा." माझं तिने ऐकलं नसतं. तुझं ऐकलं असतं. तू बसा लिहिलं असतंस तर ती चिडली असती, आइस्क्रीम मला आणायला लावलं असतं, वितळलं म्हणून मला बोलली असती, आणि घरी येऊन आधी तुला रागाचं पत्र लिहिलं असतं.

राजाभाऊ